जबलपूरहून पर्थ, पर्थहून दिल्ली

14 ऑक्टोबर 2010. दिल्लीतल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेचा शेवटचा दिवस. मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं स्टेडियम आणि पुरुष हॉकीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. चारच दिवसांपूर्वी याच मैदानावर भारतानं पाकिस्तानला 7-4 असं हरवलं होतं, त्यामुळे सुवर्णाची आशा धरणं वेडेपणाचं वाटत नव्हतं. सामना संपला तेव्हा फलकावर 8-0 लागले होते. त्याच दिवशी साईना नेहवालनं बॅडमिंटनचं सुवर्ण जिंकलं म्हणून देशानं दिवस साजरा केला. हॉकीवर प्रेम करणाऱ्या माणसांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नसेल. मला तरी गेलं नाही.

त्या सामन्यातले गोल आज आठवायचे म्हटले तर एकमेकांत मिसळून जातात. ऑस्ट्रेलियाच्या बाकाकडे गेलेला कॅमेरा मात्र लक्षात आहे. आठ गोलांची आघाडी असूनही तिथे उत्सव नव्हता. चार-पाच मिनिटांनी कुणी मैदानाबाहेर येत होतं, कुणी आत जात होतं, काम चालू होतं. या संघाचे प्रशिक्षक होते रिक चार्ल्सवर्थ. अवघ्या दोन वर्षांपूर्वी हा माणूस भारतीय हॉकीचा तांत्रिक सल्लागार होता. आपण त्यांना वापरूनच घेतलं नाही.

खेळाडू प्रशिक्षक होतो ही गोष्ट नवी नाही. पण एक खेळाडू राष्ट्रीय प्रशिक्षक होऊन काय घडवू शकतो आणि कशाच्या जोरावर घडवू शकतो, हे समजून घ्यायला चार्ल्सवर्थ यांच्याइतकं चांगलं उदाहरण जगाच्या हॉकीत दुसरं नाही. त्यात आपलीही गोष्ट गुंतलेली आहे, ती ते जन्मायच्या आधीपासून.

*

मुंबईहून कल्याण, इगतपुरी, भुसावळ करत जबलपूरला जाणाऱ्या जुन्या जीआयपी रेल्वेमार्गावर ठिकठिकाणी रेल्वे कॉलन्या होत्या. तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबं राहत आणि त्यांच्या संध्याकाळी हॉकीच्या मैदानावर जात. जबलपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं, राजधानी आपलं नागपूर. स्वातंत्र्याच्या सुमारास यातली अनेक कुटुंबं देश सोडून गेली. त्यातलंच एक पिअर्स कुटुंब ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थला उतरलं. सेक, मेल, एरिक, गॉर्डन आणि ज्युलियन असे पाच भाऊ, आणि पाचही जण ऑस्ट्रेलियाकडून खेळले. एरिक तर 1956 ते 1968 अशी सलग चार ऑलिंपिक खेळले. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियानं भारताला 2-1 असं हरवलं, त्या संघात एरिक, गॉर्डन आणि ज्युलियन असे तीन पिअर्स होते. जबलपुरात जन्मलेली मुलं भारताला हरवत होती.

याच पर्थमध्ये, सुबियाको या भागात, 6 फेब्रुवारी 1952 ला चार्ल्सवर्थ यांचा जन्म झाला. हॉकी त्यांनी या शहरात शिकली. मनगटाची हालचाल, स्टिकला चेंडू चिकटवून धावणं, लहान लहान पासांनी बचाव उघडणं हे भारतीय हॉकीचं देणं या शहराच्या मैदानांवर आधीच रुजलेलं होतं. ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी त्याला दम आणि वेग जोडला. पुढे ऑस्ट्रेलियाची म्हणून जी आक्रमक हॉकी जगाला ठाऊक झाली, तिच्या मुळाशी आपल्या रेल्वे कॉलन्यांची धूळ आहे. हे मी अभिमान मिरवण्यासाठी सांगत नाही. जे आपल्याकडचं होतं, ते दुसऱ्यांनी जपलं आणि वाढवलं, एवढंच मनात खुपतं.

*

चार्ल्सवर्थ यांची खेळाडू म्हणून कारकीर्द वाचताना दमायला होतं. ऑस्ट्रेलियाकडून 227 आंतरराष्ट्रीय सामने. शिवाय वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून 47 प्रथम श्रेणी क्रिकेट सामने, तेही डेनिस लिली आणि रॉड मार्श ज्या संघात होते त्या काळात. दरम्यान वैद्यकशास्त्राची पदवी. आणि 1983 च्या निवडणुकीत पर्थ मतदारसंघातून मजूर पक्षाचे खासदार. ते दहा वर्षं संसदेत होते. म्हणजे 1984 चं लॉस एंजेलिस आणि 1988 चं सोल ऑलिंपिक ते विद्यमान खासदार असताना खेळले. आपल्याकडे खेळाडू निवृत्त झाल्यावर खासदार होतात. इथे खासदार शॉर्ट घालून मध्यफळीत धावत होता.

पण या कारकिर्दीच्या मधोमध एक रिकामी जागा आहे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. ऑस्ट्रेलियानं साखळीत भारताचा 6-1 असा फडशा पाडला, उपांत्य सामन्यात पाकिस्तानला हरवलं आणि अंतिम सामन्यात शेजारच्या न्यूझीलंडकडून एका गोलानं मात खाल्ली. चार वर्षांनी मॉस्कोसाठी चार्ल्सवर्थ कर्णधार होते, संघ जोमात होता, पण बहिष्काराच्या राजकारणात ऑस्ट्रेलियाचा हॉकी संघ गेलाच नाही. त्या मॉस्कोत भास्करन यांच्या संघानं भारतासाठी आठवं सुवर्ण आणलं. 1984 मध्ये ऑस्ट्रेलिया चौथी. 1988 मध्ये पुन्हा चौथी. दोन्ही वेळा उपांत्य सामना एकाच गोलाच्या फरकानं गेला.

मधल्या काळात ते मुंबईतही खेळून गेले. 1982 चा विश्वचषक मुंबईत झाला, गवतावर. ऑस्ट्रेलिया तिसरी आली, भारत पाचवा. चार वर्षांनी लंडनला ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला 2-1 असं हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. चार्ल्सवर्थ तेव्हा चौतीस वर्षांचे होते. त्याच स्पर्धेत बारा संघांत पाकिस्तान अकरावा आला आणि भारत बारावा. एका पिढीत पारडं किती फिरलं, हे या एका निकालपत्रावरून कळतं.

विश्वचषक मिळाला, पण ऑलिंपिकचं सुवर्ण खेळाडू चार्ल्सवर्थ यांच्या गळ्यात कधीच पडलं नाही. प्रशिक्षक चार्ल्सवर्थ समजून घ्यायचे तर ही बाब नजरेआड करून चालणार नाही. चांगला संघ, मोठे खेळाडू, भरपूर मेहनत, आणि तरीही ऐन वेळी एका गोलानं हार. हे असं का होतं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर वाहिला असावा. कारण त्यांच्या सगळ्या पद्धती त्याच प्रश्नाचं उत्तर शोधताना दिसतात.

*

1993 मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचे, म्हणजे हॉकीरूजचे, प्रशिक्षक झाले. 1988 चं सुवर्ण जिंकलेला हा संघ बार्सिलोनात पाचव्या क्रमांकावर घसरला होता. पुढची आठ वर्षं ही सांघिक खेळांच्या इतिहासातली एक थक्क करणारी मालिका आहे. 1994 चा डब्लिनचा आणि 1998 चा उट्रेख्टचा विश्वचषक. 1996 चं अटलांटा आणि 2000 चं सिडनी ऑलिंपिक. 1998 मध्ये क्वालालंपूरला राष्ट्रकुल सुवर्ण. आणि 1993, 95, 97, 99 अशा चारही चॅम्पियन्स करंडक स्पर्धा.

एकदा जिंकणं समजू शकतं. आठ वर्षं जिंकत राहायचं तर काय करावं लागतं?

पहिली गोष्ट, बाक. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, गेलेला परत आत येऊ शकतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही मुभा मिळाली तेव्हा अनेक संघांना राखीव खेळाडू म्हणजे दुखापतीची सोय वाटत होती. चार्ल्सवर्थ यांनी बाकालाच संघाचा भाग केलं. तेव्हा सामना 35-35 मिनिटांच्या दोन सत्रांचा होता. आघाडीच्या खेळाडूनं काही मिनिटं जीव तोडून धावायचं, बाहेर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा आत जायचं. समोरच्या संघाचे पाय साठाव्या मिनिटाला जड झालेले असत आणि हॉकीरूज पहिल्या मिनिटासारख्याच धावत असत. याला लागणारी अट अवघड होती. सोळाच्या सोळा खेळाडूंची तयारी सारखी हवी आणि सर्वोत्तम खेळाडूनंही बाहेर बसणं अपमान मानता कामा नये.

दुसरी गोष्ट, कर्णधार. सिडनीच्या आधी त्यांनी कायमचा कर्णधार ही कल्पनाच मोडीत काढली. रेशेल हॉक्ससारखी ज्येष्ठ खेळाडू संघात होती. सिडनीच्या उद्घाटनात जगभरच्या सगळ्या खेळाडूंच्या वतीनं शपथ घेण्याचा मान तिला मिळाला होता. तरीही संघातलं नेतृत्व अनेकींत वाटलेलं होतं. कर्णधार एकच असला की बाकीच्या दहा जणी तिच्याकडे बघत थांबतात, असा त्यामागचा विचार. सामन्यात अडचण येते तेव्हा चेंडू कुणाकडेही असू शकतो, आणि ज्याच्याकडे चेंडू आहे त्यालाच त्या क्षणी निर्णय घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. अस्वस्थ असलेल्याला धीर द्यायचा आणि निवांत झालेल्याला अस्वस्थ करायचं, हेच प्रशिक्षकाचं काम. जिंकणाऱ्या संघाला सुस्तीचा रोग आतून लागतो. म्हणून सराव सामन्यापेक्षा कठीण, जागा सतत बदलत्या, आणि काल सुवर्ण मिळालं म्हणून आज संघातली जागा कुणाचीही पक्की नाही. खेळाडूंना हे सोपं गेलं नसणार. 'द कोच' आणि 'स्टेइंग ॲट द टॉप' ही त्यांची पुस्तकं या विचारांवरच आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांतून प्रशिक्षकाला काय शिकता येतं, यावरही त्यांनी एक पुस्तक लिहिलं आहे.

या पद्धतीचं एक छोटं रूप मी आपल्याकडे पाहिलं आहे. पिंपरीच्या नेहरूनगरातल्या मेजर ध्यानचंद मैदानावर एका सकाळी मुलींचा सराव चालला होता. टर्फवर नुकतंच पाणी मारलेलं, चेंडू सरकताना मागे पाण्याची बारीक रेघ उठत होती. दोन गट करून सामना लावला होता. एका गटात मधल्या फळीत खेळणारी एक मुलगी सगळ्यांत सरस होती, प्रत्येक चेंडू तिच्याकडेच जात होता. दहा मिनिटांनी सरांनी तिला बाहेर बोलावलं. तिचा चेहरा उतरला. "सर, माझं काही चुकलं का?" सर म्हणाले, "तुझं काही नाही गं. तू नसल्यावर यांचं काय चुकतं, ते आता तू बघ."

आधी त्या गटाचा खेळ पार विस्कटला. चेंडू नेमका कुणाला द्यायचा, ते कुणालाच कळेना. मग उजव्या बाजूची, तोवर तोंडातून शब्द न काढलेली एक किडकिडीत मुलगी ओरडून जागा सांगू लागली. बाहेर बसलेली मुलगी आधी हिरमुसून स्टिकची पट्टी खरवडत होती. थोड्या वेळानं ती उठून उभी राहिली आणि बाहेरून त्या मुलीला साथ देऊ लागली. सरांना चार्ल्सवर्थ ठाऊक होते की नव्हते, मी विचारलं नाही. पण 1996 मध्ये अटलांटाला जे घडलं त्याचं बीज मला त्या पाण्यानं भिजलेल्या टर्फवर दिसलं.

*

आता आपली गोष्ट. 2007 मध्ये भारतीय हॉकी कशीबशी उभी होती. सप्टेंबरात चेन्नईला आशिया चषक जिंकला, अंतिम सामन्यात कोरियाला 7-2 असं धुतलं. प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो, मुंबईच्या हॉकीतले, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे खेळाडू. म्हणजे चार्ल्सवर्थ आणि ते एकाच ऑलिंपिकमध्ये उतरलेले. खेळाडू म्हणून कसदार, प्रशिक्षक म्हणून तळमळीचे.

2010 चा विश्वचषक दिल्लीत होणार होता, त्यामुळे आंतरराष्ट्रीय महासंघालाही भारतीय हॉकी सावरावी असं वाटत होतं. त्या प्रयत्नातून चार्ल्सवर्थ तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात आले. जगातला सर्वांत यशस्वी प्रशिक्षक आपल्या दारात आला. आपण त्यांच्या हातात सल्ला देण्याचं काम दिलं, निर्णय घेण्याचं दिलं नाही.

मार्च 2008 मध्ये चिलीतल्या सँटियागोला ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत ब्रिटनकडून 2-0 असा हरला. 1928 पासून चालत आलेली परंपरा तुटली. बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकी संघ असणार नव्हता, ऐंशी वर्षांत पहिल्यांदा. कार्व्हालोंनी राजीनामा दिला. सहा महिन्यांपूर्वी ज्याला डोक्यावर घेतलं होतं त्या माणसावर सगळं खापर फुटलं. पुढच्याच महिन्यात भारतीय हॉकी महासंघाच्या सचिवावर लाचखोरीचा आरोप झाला आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेनं हॉकी महासंघालाच निलंबित केलं. या सगळ्या पडझडीत सल्लागाराचं कोण ऐकणार? 2008 च्या मध्यावर चार्ल्सवर्थ परत गेले.

काही महिन्यांत ते ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले. 2010 च्या मार्चमध्ये तोच दिल्लीचा विश्वचषक. ऑस्ट्रेलिया पहिलाच सामना इंग्लंडकडून हरली, त्यानंतर एकही नाही. साखळीत भारताला 5-2, अंतिम सामन्यात लागोपाठ दोनदा जगज्जेत्या ठरलेल्या जर्मनीला 2-1. 1986 नंतर चोवीस वर्षांनी ऑस्ट्रेलियाकडे विश्वचषक आला. भारत आठवा. ऑक्टोबरातल्या 8-0 बद्दल वर लिहिलंच आहे.

त्यांच्या वाटेला अपयशही आलं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णाची खात्री वाटणारा त्यांचा संघ उपांत्य सामन्यात जर्मनीकडून हरला आणि कांस्यावर थांबला. आपल्याकडे असतं तर दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली असती. ते राहिले. दोन वर्षांनी द हेगला, यजमान नेदरलँड्सच्याच प्रेक्षकांसमोर, विश्वचषकाचा अंतिम सामना 6-1 असा जिंकून मग त्यांनी पद सोडलं.

*

प्रशिक्षकाचं मोठेपण कशानं मोजायचं? चषकांनी मोजलं तर चार्ल्सवर्थ वरच आहेत. मला वाटतं, तो निघून गेल्यावर काय उरतं, यानं मोजावं.

ॲलिसन ॲनन ही त्यांच्या 1996 आणि 2000 च्या सुवर्णविजेत्या संघांची आघाडीची खेळाडू. पुढे ती नेदरलँड्सच्या महिला संघाची प्रशिक्षक झाली, 2018 चा विश्वचषक आणि टोकियोचं सुवर्ण जिंकून दिलं. मग चीनला गेली आणि 2024 मध्ये पॅरिसला तोच चीन अंतिम सामन्यात पोहोचला, समोर होती नेदरलँड्स. शूटआउटमध्ये हरून रौप्य मिळालं. एका प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकलेली खेळाडू दोन वेगळ्या देशांना ऑलिंपिक अंतिम सामन्यापर्यंत नेते, याला शाळा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

चार्ल्सवर्थ यांच्या वर्तुळातली माणसं आपल्याकडेही येत राहिली. 1984 च्या संघातले त्यांचे सहकारी मायकेल नॉब्ज 2011 मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. लंडनमध्ये भारत शेवटचा आला आणि पुढच्या वर्षी ते गेले. दुसरे सहकारी टेरी वॉल्श यांनी 2014 मध्ये इंचॉनला एशियाडचं सुवर्ण मिळवून दिलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ते पायउतार झाले. जिंकला तरी जातो, हरला तरी जातो, अशी आपल्या प्रशिक्षकाची गत. रोपटं लावायचं आणि मुळं धरली का हे बघायला दर महिन्याला उपटायचं, असं आपण वर्षानुवर्षं केलं.

मग 2019 मध्ये ग्रॅहम रीड आले. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकचे रौप्यपदक विजेते, आणि 2009 ते 2014 या काळात चार्ल्सवर्थ यांचे सहायक. म्हणजे दिल्लीत 8-0 झाले तेव्हाच्या ऑस्ट्रेलियन व्यवस्थेतलेच. कोरोनानं टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकललं, आणि त्या संकटानं एक गोष्ट केली. भारतीय हॉकीच्या प्रशिक्षकाला सहसा न मिळणारा वेळ रीड यांना मिळाला. सराव शिबिराच्या चार भिंतींत महिनोन्‌महिने संघ आणि प्रशिक्षक एकत्र राहिले.

25 जुलै 2021 ला टोकियोत भारत ऑस्ट्रेलियाकडून 7-1 असा हरला. तिकडच्या बाकावर कॉलिन बॅच, तेही चार्ल्सवर्थ यांच्याबरोबर 1984 ला खेळलेले. इकडच्या बाकावर रीड. दोन्ही बाकांवर एकाच मैदानातली माणसं. त्या रात्री दिल्लीची आठवण येऊन पोटात गोळा आला होता. पण या वेळी कुणी गेलं नाही, कुणाला काढलं नाही. दोन दिवसांनी संघ पुन्हा मैदानात उतरला आणि जिंकला.

5 ऑगस्टची सकाळ. कांस्यपदकाचा सामना जर्मनीशी, भारत 3-1 असा मागे. आणि मग भारतानं लागोपाठ चार गोल केले. 5-3, मग 5-4. शेवटच्या सहा-सात सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. आमच्या सोसायटीत त्या वेळी सगळ्या घरांतून एकच आवाज येत होता, आणि मग तोही थांबला. गोलरक्षक श्रीजेशनं चेंडू अडवला. 41 वर्षांनी ऑलिंपिकच्या हॉकीत भारताला पदक मिळालं. श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला ते चित्र सगळ्या देशानं पाहिलं.

मी ते पाहत होतो आणि पिछाडीनंतरची ती मिनिटं मला पुनःपुन्हा आठवत होती. 3-1 असे मागे पडल्यावर कुणी एकाच्या तोंडाकडे बघत थांबलं नव्हतं. गोल सिमरनजितनं केला, हार्दिकनं केला, हरमनप्रीतनं केला, रूपिंदरनं केला. चेंडू ज्याच्याकडे, निर्णय त्याचा. पर्थहून निघालेली ती शिकवण इथवर पोहोचली होती, आणि पर्थला ती हॉकी कुठून गेली होती हे आपण पाहिलंच.

पिंपरीच्या त्या मैदानावरची किडकिडीत मुलगी आज कुठे खेळते, मला ठाऊक नाही. तिच्या सरांना मात्र अजून त्याच मैदानावर, त्याच मुलींबरोबर, सलग काही वर्षं काम करायला मिळावं. चार्ल्सवर्थ यांना हॉकीरूजबरोबर आठ वर्षं मिळाली होती, आणि भारतात काही महिने.